फळीचं दुसरं टोक

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण फिलोमिना बार्देसकर थापा मारणाऱ्यातली बाई नाही, हे तिला ओळखणारं कुणीही सांगेल.

साल १९९८. गाव कोल्हापूर. आणि वेळ रात्रीची नव्हे... चांगली उन्हं वर आलेली सकाळ.

त्या दिवशी तिच्या नवऱ्याचं, सालूचं, डोक्याचं ऑपरेशन होतं. वाचेल की नाही, डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. दवाखान्यात तिचं रडं थांबेना, तेव्हा दीर पास्कू म्हणाला, "वहिनी, हितं बसून काय करणार? चर्चात मिस्सेच्या प्रार्थनेला जा. मी हाय की."

ती चर्चला गेली. शेवटच्या बाकावर एकटीच बसली.

वेदीपाशी कम्युनियनचा प्रसाद घेऊन परतल्यावर तिनं गुडघे टेकायची फळी खाली घेतली. अख्ख्या बाकाला एकच लांब फळी. त्यामुळं तिथं रीतच होती... शेजारच्याची प्रार्थना संपल्याशिवाय आपण उठून फळी वर करायची नाही.

तिनं डोळे मिटले. देवा, माझा सालू मला परत दे. एवढंच मागणं.

आणि... फळी करकरली.

दुसऱ्या टोकाला कुणीतरी टेकलं होतं. गुडघ्यांखाली फळी दबलेली तिला कळली.

असेल कुणी उशिरा आलेलं. तिनं बघितलं नाही.

मिस्सा संपली. माणसं गेली.

फळी दबलेलीच...

आणि पुटपुटणं. अगदी हळू. बाईच्या आवाजातलं.

"बाई, कुलूप लावायचं हाय," झाडलोट करणारे आकाराम जवळ येऊन म्हणाले. "उठताय न्हवं?"

"त्यांचं होऊ द्या की."

"कुणाचं?"

तिनं डोळे उघडले.

बाक रिकामा होता.

ती दचकून उभी राहिली. आकारामनी वाकून फळीचं ते टोक उचलायला घेतलं. हलेना. दोन्ही हात लावले... तरी हलेना.

"बाई... ह्यावर कोणतरी हाय." एवढं बोलून ते सरळ बाहेर पडले.

पळून जावंसं तिलाही वाटलं. पण ही जी कोण होती, ती सालूसाठीच मागत असली तर? अर्ध्यात सोडलं आणि तिकडं त्याचं काही झालं तर?

फिलोमिनानं पुन्हा गुडघे टेकले. त्या पुटपुटण्याशेजारी.

दुपारी पास्कू धावत आला तेव्हाही ती तशीच होती.

"वहिनी, चला! शुद्धीवर आला सालू!"

दवाखान्यात पोचली तेव्हा सालूचा आवाज अगदी खोल गेला होता. तिला बघून तो पहिलंच वाक्य बोलला, "फिलू, तुझ्या शेजारची बाई कुठं हाय?"

"कोण बाई?"

"ती म्हणत हुती, तुझं मागणं झालं... आता तिचं ऱ्हायलंय."

ही गोष्ट त्याला नंतर कधीच आठवली नाही.

आता पाच वर्षं झाली. सालू ठणठणीत आहे. फिलोमिना दर रविवारी गुडघे टेकते, आणि बाक कुठलाही असो... फळी दबते. शेजारचं पुटपुटणं कानावर पडू नये म्हणून ती आपली प्रार्थना मोठ्यानं म्हणते. लोक वळून बघतात, चिडतात. तिला पर्वा नाही.

गेल्या रविवारी मात्र तिला मध्येच ठसका लागला. क्षणभर तिचा आवाज बंद पडला.

तेवढ्यात शेजारच्या मागण्यातला एकच शब्द तिनं ऐकला...

"सालू."