फाटकावरचा लायटरचा डबा

बसा, खोलीची जमीन खालून तापवून ठेवली आहे. फाटकावरच्या पाटीला शिव्या घालून झाल्या असतील तर जेवून घ्या, ती काही तुमचं ऐकणार नाही. सोलहून पहाटेची बस धरून आलात आणि डोंगराची वाट बंद, वरचं तंबूंचं मैदानही बंद. मला काय सांगता? माझ्या खोल्या तीन वर्षं रिकाम्या पडल्या आहेत. वसंतात वणव्याच्या भीतीने चार-आठ दिवस वाट बंद करणं आमच्याकडे नेहमीचंच, पण तो मोठा वणवा झाला तेव्हापासून ही वाट उघडलेलीच नाही. वन कचेरीत विचारलं की म्हणतात, जळकी झाडं पडतायत, माती सुटली आहे, पुढच्या हंगामात बघू. त्यांचा पुढचा हंगाम बहुतेक मी मेल्यावर येणार.

कुणाकडे लायटर असेल तर तेवढा इथे मेजावर काढून ठेवा. हसू नका. का ठेवायचा ते सांगतो. ऐकीव गोष्ट नाही, माझ्या शेजाऱ्याची आहे.

मोक दोकचिल त्याचं नाव. ओढ्यापलीकडे मिरचीचं शेत आहे. मला दादा म्हणतो. वाट बंद झाल्यावर आमच्या गावात सगळ्यात जास्त कोण कावलं असेल तर हा. त्याच्या वडिलांची कबर तंबूंच्या मैदानाच्या वर, उतारावर आहे. वणव्यात तिच्यावरची हिरवळ जळाली, नुसता मातीचा उंचवटा उरला, आणि तो दर पावसात थोडाथोडा वाहून जायला लागला. दरवर्षी वसंतात, हान्सिकच्या सणाच्या दिवशी आम्ही कबरींची डागडुजी करतो, नवी हिरवळ बसवतो. इथे बापाची कबर सपाट व्हायला आली आणि मुलाला वर जायची बंदी. त्याने अर्ज केले, पाया पडला, भांडला. रोज संध्याकाळी इथे, तुम्ही बसलात तिथेच बसून माझी तांदळाची दारू पीत कचेरीच्या नावाने बोटं मोडायचा. मीही त्याच्या सुरात सूर मिळवायचो.

गेल्या वर्षी, हान्सिकच्या आदल्या रात्री, शुक्रवार होता, त्याचा धीर सुटला. दिवसा फाटकावर पहारा असतो, म्हणून रात्रीच जायचं ठरवलं. पाठीवर ओझं वाहायच्या लाकडी घोडीवर हिरवळीचे चौकोन रचले, बापासाठी दारूची बाटली आणि सुका मासा घेतला. उदबत्ती लावायला एक पिवळा लायटर होता. बसथांब्यासमोर त्याच आठवड्यात नवी खानावळ उघडली होती, तिथे आलेल्या-गेलेल्याला फुकट वाटत होते. उजाडायच्या आत परत येतो म्हणाला. मी अडवलं नाही. बापाकडेच चाललाय बिचारा, असं वाटलं.

अर्धा चंद्र होता. फाटकाच्या कडेने तो आत शिरला. तिथे खांबावर लोखंडी डबा आहे, तुम्ही पाहिला असेल. पूर्वी वर जाणाऱ्याने लायटर, काड्यापेटी त्यात टाकूनच पुढे जायचं. वणव्यात डबा भाजून निघाला, झाकण वाकून घट्ट बसलं, कुलूप गंजलं. कुणी काढला नाही, कुणी उघडलाही नाही. तो मागे टाकून दोकचिल वर मैदानात पोचला. तंबूंचे लाकडी ओटे जळून गेलेले. वारा नाही. पाखरू नाही. पाण्याचे नळ वणव्यापासून बंद आहेत.

एक नळ वाहत होता.

नळापाशी पहारेकऱ्यांचं लाल जाकीट घातलेला माणूस पाठमोरा उभा होता. दोकचिलला आधी रागच आला. म्हणजे आता रात्रीही पहारा? तो तावातावाने बोलायला लागला, की बापाच्या कबरीवर चाललोय, काय करायचं ते करा.

माणूस वळला नाही.

"वाट बंद आहे, दोकचिल."

आवाज ओळखीचा होता... कू ब्योंगसूचा. फाटकावरचा जुना पहारेकरी. वणव्याच्या दिवशी सगळे खाली पळाले तेव्हा तो तंबूंतल्या लोकांना काढायला वर गेला होता. लोक खाली आले. तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला. त्याच नळापाशी.

पाणी वाहत होतं. खालची माती कोरडी होती.

मग पाठमोऱ्या माणसाचा हात मागे आला. तळवा वर.

"लायटर दे."

दोकचिलने दिला. बोटांना बोटं लागली... गरम. फार गरम.

"त्या दिवशीही मागितला होता. नाही म्हणालास."

"डब्यात टाकतो," तो पाठमोराच म्हणाला.

नळ बंद झाला.

दिवस उजाडताना तो इथे आला. हिरवळ तशीच पाठीवर. बोटांना फोड. त्याने सगळं सांगितलं. वणवा लागला तो दिवसही हान्सिकचाच. ब्योंगसूने फाटकावर लायटर मागितला आणि याने जवळ असून नाही म्हणून सांगितलं. बाप जन्मभर सिगरेट ओढणारा होता. आम्ही करतो तसं याने एक सिगरेट पेटवली, बापाला ओढू दे म्हणून कबरीवर खोचली, नमस्कार केला आणि खाली निघून आला. जळती तशीच सोडून.

भीती मला नंतर वाटली. आधी संताप आला. दोन वर्षं माझ्या शेजारी बसून, माझी दारू पिऊन हा माणूस वाट बंद केली म्हणून दुसऱ्यांना शिव्या घालत होता, आणि मी मान डोलावत होतो. मी लोखंड कापायची करवत उचलली आणि त्याला घेऊन फाटकावर गेलो.

कुलूप तसंच गंजलेलं. झाकणाच्या फटीवर कोळ्याचं जाळं, कुठे तुटलेलं नाही. झाकण कापायला बराच वेळ लागला. आत त्या वणव्याची राख साचली होती. राखेखाली एक लायटर होता, वितळून डब्याच्या तळाला चिकटलेला.

दोकचिलने एकदाच पाहिलं. हिरवळीचे चौकोन तिथेच उतरवून ठेवले आणि तो पोलीस चौकीच्या रस्त्याला लागला. वडिलांची कबर आता जवळजवळ सपाट झाली आहे म्हणतात. कोण बघायला जाणार, वाट बंद आहे.

मी मात्र तिथेच थांबलो. म्हटलं, हा वणव्याच्या वेळचा असणार, कुणीतरी तेव्हाच टाकलेला. स्वतःची समजूत घालायला तो गोळा खरवडून काढला, ओढ्यावर नेऊन धुतला. एक बाजू वितळायची राहिली होती.

पिवळी होती. तिच्यावर बसथांब्यासमोरच्या त्या नव्या खानावळीचं नाव होतं.