शाहिरांनी सूर मागितला होता का?

"परत बंद केलं!" शार्दूल दाराच्या फटीतून कुजबुजला. "पोवाडा सुरू झाला की आजी लगेच बंद करते, यार! मग परत पहिल्यापासून!"

"मोबाइल बिघडला असेल," केतकी म्हणाली.

"डोकं बिघडलंय तुझं!" सुखदा म्हणाली. "त्या सुरुवातीत ती काहीतरी शोधतेय."

थंडीच्या सुट्टीत तिघांचा मुक्काम दिल्लीत, मुनिरक्यात, सुखदाच्या जयंतकाकाच्या ऑफिसात असे. ऑफिस कसलं, दोन खोल्या! काका ढोलकी वाजवायचा, त्याचा दोस्त नीरज हरियाणवी सारंगी. दोघांनी मिळून लोककलावंतांची कंपनी काढली होती. गाणी रेकॉर्ड करायची, कार्यक्रम मिळवून द्यायचे. संक्रांतीला पानिपतात, लढाईच्या काला अंब स्मारकापाशी, पहिला मोठा कार्यक्रम होता. शेजारचे दीनानाथ शाहीर पोवाडा गाणार होते आणि त्यांची बायको, चंद्रप्रभाआजी, तुणतुण्यावर साथ करणार होती. पण दिवाळीनंतर शाहीर गेले. आता त्यांचं रेकॉर्डिंग लावायचं आणि आजीने साथ करायची असं ठरलं, तर आजी तुणतुण्याला हातच लावेना!

शेवटी सुखदाने आत जाऊन सरळ विचारलं. आजीचे डोळे भरून आले.

"अगं, जन्मभर हेच चाललं आमचं. डफ निखाऱ्यावर शेकून ताणून झाला की म्हणायचे, 'सूर दे गं, चंद्रा.' मी तार छेडली की मगच तोंड उघडायचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तापाने पडले होते. आणि यात बघ, एकदम पोवाडाच! शेवटचं गाणं माझ्यावाचून सुरू केलं गं त्यांनी."

केतकीला तर रडूच कोसळलं.

"पण काका सगळ्यांचीच सुरुवात कापतो!" शार्दूल ओरडला. "खोकणं, खाकरणं, सगळं!"

तिघं काकाकडे धावली.

"मूळ रेकॉर्डिंग? सकाळीच पुसलं, बाबांनो. कार्ड रिकामं हवं होतं," रेकॉर्डर बॅगेत टाकत काका म्हणाला. "चलो, हटा! गुडगावला शूटिंग आहे."

"पुसलेलं परत मिळतं," सुखदा हळूच म्हणाली. "पण त्यावर नवीन काही भरलं, की संपलं!"

केतकीने डोळे पुसले आणि आतल्या खोलीतून किंचाळली, "काका! तुझ्या ढोलकीच्या चामड्यावरची शाई तडकली!"

"काय?" काका बॅग टाकून आत पळाला. तेवढ्यात सुखदाने आपल्या कॅमेऱ्यातलं कार्ड रेकॉर्डरमध्ये सरकवलं आणि त्यातलं मुठीत लपवलं!

नेहरू प्लेसला केतकीच्या विश्वासमामाचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. "सगळं नाही मिळायचं, तुकडे मिळतील," मामा म्हणाला. तिघं पडद्याला नाक लावून बसली. एक तुकडा मिळाला.

संध्याकाळी काका संतापून आजीच्या दारात उभाच होता. "माझं कार्ड कुणी चोरलं?"

"आधी ऐक, मग ओरड," सुखदा म्हणाली.

तिने मिळालेला तुकडा मोबाइलवर लावला. शेगडीचे निखारे तडतडले. डफावर थाप पडली. मग शाहिरांचा आवाज आला, "सूर दे गं, चंद्रा."

"आजोबा, आजी घरी आहे. म्हणा तुम्ही." हा काकाचाच आवाज!

"असू दे. थांब जरा. देईल ती."

मग नुसती शांतता. किती वेळ थांबले होते शाहीर! आजी भिंतीला धरून उठली, खुंटीवरचं तुणतुणं काढलं आणि तार छेडली. पोवाडा सुरू झाला.

काकाने मान खाली घातली. "मी हे फालतू म्हणून कापलं, आजी! पोरांनो, शाबास रे तुमची. कार्यक्रमात हे जसंच्या तसं वाजेल."

आणि तसंच वाजलं. काला अंबपाशी धुक्यात बसलेली माणसं त्या शांततेत डोळे पुसत राहिली. आजीची तार एकदाही डळमळली नाही.

परतताना गाडीत मात्र ती तुणतुणं छातीशी धरून रडली. "तुम्ही मला माझं माणूस ऐकवलंत रे. पण आता मला सूर कोण मागणार?"



"मी मागू?" शार्दूल चाचरत म्हणाला. "पण आजी, मला पोवाडा येत नाही."

आजीने पदराने नाक पुसलं. "उद्या सकाळी ये," ती म्हणाली. "आधी डफ शेकायला शीक."