कुणी आजारी नसताना

हेलिकॉप्टरचा दरवाजा उघडला आणि नर्स हेमावतीला सगळ्यांत आधी दिसला तो चिखलाने माखलेला एक माणूस – दोन्ही हातांवर बहिणीला घेऊन वावरातून धावत येणारा.

चहूकडे उजनीचं पाणी. धरण तुडुंब भरलं की करमाळ्याकडची टेकवस्ती बेटच होऊन जाते. त्यात वारं असं सुटलेलं, की तीन दिवस कुणी पाण्यात उतरायला धजलं नव्हतं. बाळंतपणाला माहेरी आलेली रेश्मा... आठव्याच महिन्यात तिला रक्तस्राव सुरू झाला होता.

"लई रगत गेलंय, सिस्टर. मी सयाजी, हिचा थोरला भाऊ. मला पन घ्या की संगं!"

"जागा नाही हो." हेमावतीने रेश्माला सलाईन लावलं. "नंबर द्या. जे असेल ते मी स्वतः कळवीन."

"खरं सांगाल? का नुसतं बरं वाटावं म्हनून..."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "खरंच सांगेन."

संध्याकाळी सोलापुरात, ऑपरेशन थिएटरबाहेर उभं राहून तिने फोन लावला. रोज कितीतरी नातेवाइकांशी बोलणारी ती – आज तिला शब्द जुळेनात.

"रेश्मा वाचली. बाळ... नाही राहिलं, सयाजीराव."

पलीकडे वारा घोंगावत होता. तो म्हणाला, "तुमी रडताय व्हय?"

"नाही."

"ह्ये मात्र खोटं बोलला."

तेव्हा तिला हुंदका आवरेना. बाळ त्याच्या घरचं गेलं होतं, आणि समजूत तो तिची काढत होता.

पुढे ती रोज कळवू लागली. रेश्माने डोळे उघडले... आज चार घास खाल्ले. टेकवस्तीत रेंज फक्त देवळामागच्या चढावर. हेमावतीची ड्युटी सुटायच्या वेळी तो तिथं जाऊन थांबायचा. रेश्माचं बोलून झालं तरी फोन सुरूच राहायचा.

"जेवला का तुमी?" तो विचारायचा. आई गेल्यापासून तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

वारं पडलं तसा तो आला. बहिणीच्या उशाशी बसून, मुकाट्याने तिच्या केसांचा गुंता सोडवणारा तो दांडगा माणूस हेमावतीने दारातूनच पाहिला... आणि तिचं पाऊल आत पडेना.

घरी सोडलं त्या दिवशी रेश्मा आणि तिचा नवरा गाडीत बसले. सयाजी मात्र पायरीशी घुटमळला.

"घरात दुःख हाय, आत्ता बोलू नये... पन एकदा या की तिकडं. कुनी आजारी नसताना."

"कशी येऊ? हेलिकॉप्टर काही फिरायला मिळत नाही."

"माझी होडी हाय की. घ्यायला येतो."

"आणि परत सोडायला?"

"तुमी म्हनाल तवा."

हेमावतीची नजर खाली वळली. "आणि मी 'सोडा' म्हटलंच नाही... तर?"

गाडीचा हॉर्न वाजला. तो जागचा हलला नाही.

"तर होडी काठावर उपडी घालून ठेवतो," तो हळूच म्हणाला.

तिचे डोळे भरून आले, तरी ती हसली – कितीतरी दिवसांनी.

"रविवारी सुट्टी असते मला," ती म्हणाली.