चौथं वाद्य

सॅक्सोफोन उतरायला चाळीस मिनिटं लागली. क्लॅरिनेटला तास लागला होता, ट्रम्पेटला त्याहून थोडा कमी. यंत्राच्या टोपातून डोकं बाहेर काढल्यावर कांचनने आधी सासऱ्यांकडे पाहिलं. आप्पा सनदी शेजारच्या खुर्चीत बसून मांडीवरचा सॅक्सोफोन उलटसुलट करून बघत होते. पंचेचाळीस वर्षं वाजवलेलं वाद्य, आणि त्याचं कुठलं बटण कुठल्या बोटाखाली येतं हे आता त्यांना सुचत नव्हतं.

"घे," ते हसून म्हणाले. "आता हे तुझं."

कांचनने आयुष्यात सॅक्सोफोनला हात लावला नव्हता. तिने तो ओठाला लावला आणि वरातीची धून अशी खणखणीत निघाली, की बाहेर नंबर लावून बसलेली माणसं दाराशी आली. शिकायचे कष्ट वाचले होते. ओठ मात्र तिचेच होते, ते पुढे दोन दिवस सुजले.

या सोयीला लोक हातउतारा म्हणत. विट्याहून दीड तासावर असलेल्या संशोधन केंद्रात डॉ. मृणाल खोत यांनी पहिल्या भेटीतच तिला तो समजावून सांगितला होता.

"भाकरी थापताना किती दाब द्यायचा, हे कुठं लिहून ठेवलंय का तुम्ही?"

"लिहायचं काय त्यात? हाताला कळतं."

"हाताला कळतं असं आपण म्हणतो, पण ते असतं लहान मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला. काम करायला घेतलं की ती आठवण काही मिनिटं सैल होते, ओल्या मातीसारखी. काम संपलं की परत घट्ट बसते. ती सैल असतानाच आम्ही वाचतो आणि दुसऱ्याच्या मेंदूत बसवतो."

"म्हणजे सातबाराच्या उताऱ्यासारखं? मूळ कागद तलाठ्याकडंच राहतो, तसं?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "टेम्पोतून सामान उतरवतात, तसं. वाचताना मूळ आठवण मोडते. इथलं तिथं जातं, इथं काही उरत नाही."

कांचन तेव्हाच घरी निघाली होती. आप्पांनीच तिला हाताला धरून बसवलं. त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती, फुंकायला डॉक्टरांनी बंदी केली होती. 'नवज्योत ब्रास बँड'मध्ये अठरा माणसं होती आणि मास्तर कोणी उरला नव्हता. मुलगा महादेव, म्हणजे कांचनचा नवरा, मोठा ढोल झकास बडवायचा, पण सुराशी त्याचं कधी जमलं नाही. बँडचे लाल डगले शिवता शिवता पंधरा वर्षांत प्रत्येक धून कानाने पाठ केली होती ती सुनेने. "फुंकता येईना, तर ते माझ्याकडं ठेवून काय लोणचं घालू?" असं आप्पा म्हणाले, आणि ते तिला पटलं.

पण पेटीला फुंकावं लागत नव्हतं. रोज सकाळी चहा झाला की आप्पा ओसरीवर पेटी घेऊन बसत. नव्या गाण्यांच्या चाली ते तिच्यावरच बसवत आणि मग अठरा जणांना वाटून देत. एके दिवशी ते म्हणाले, "आता ही पण घे."

"न्हाई आप्पा." कांचन शिलाईच्या मशीनवरून उठलीच. "ती तुमच्यापाशी राहू दे. मी बसून शिकते तुमच्याकडं, साधी, सा-रे-ग-म पासनं."

"किती वर्षं लागतील?"

"लागू देत."

"माझ्याकडं हायत का तेवढी?" ते शांतपणे म्हणाले. "पेटी आल्याबिगर मास्तर होत न्हाई, पोरी. तुला माझ्याच जुन्या धुना वाजवत बसावं लागंल. आन् मी गेलो की हे माझ्यासंगं मातीत जाणार. ते बरं वाटंल तुला?"

"मग तुमच्याकडं काय राहील?"

"कान राहत्यात की."

महिनाभर तिने ऐकलं नाही. मग एका सकाळी पायऱ्या चढून आलेले आप्पा धापा टाकत तासभर उंबऱ्यावर बसून राहिले, आणि तिने स्वतःच केंद्राला फोन लावला.

केंद्रात पेटी उतरवून घरी परत आल्यावर आप्पांनी ती पुढे ओढली, चार पट्ट्या दाबल्या. मांजर चालून गेल्यासारखा आवाज आला. ते खो खो हसले. "वाजव बघू," म्हणत त्यांनी पेटी तिच्याकडे सरकवली.

तिने सासूबाईंचं आवडतं भजन घेतलं. सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली होती. बोटं पाण्यासारखी पळाली, आणि अंतऱ्याच्या अर्ध्यावर आपोआप थांबली. भाता चालू होता, बोट एकाच पट्टीवर रुतलं होतं. मग हात पुन्हा चालू लागला.

"हितं का थांबलीस?"

तिने परत वाजवलं. पुन्हा तिथंच थांबली, या वेळी जरा जास्त वेळ. तिसऱ्यांदा तिने जोर लावून पुढे जायचा प्रयत्न केला, तर बोटं दुखली. तेव्हा तिच्या लक्षात आलं. "आईंना दमा होता ना, आप्पा. ह्या ओळीत त्यांचा श्वास अडायचा. तुम्ही थांबायचात."

"मी?" आप्पा चक्रावले. "मी कधी थांबलो?"

बायको त्यांना आठवत होती. तिचं भजन, तिचा अडणारा श्वास, सगळं आठवत होतं. आपलं थांबणं तेवढं आठवत नव्हतं. ते त्यांनी कधी ठरवून केलंच नव्हतं. ते फक्त हातात होतं, आणि पेटीबरोबर उतरून गेलं होतं.

आप्पा आपल्या हातांकडे बघत राहिले. मग सुनेच्या हातांकडे, जरा हेवा वाटल्यासारखं.

"तिला कळायचं का गं?" त्यांनी विचारलं. "मी थांबतो ते?"

"कळायचं," कांचन म्हणाली. "न्हाईतर एवढ्या निवांत दम कशा खायच्या?"

आप्पांनी मान हलवली, डोळे मिटले आणि खूण केली, वाजव. ती जागा आली. बोट थांबलं. कोणी गायलं नाही, आणि ते बोट किती वेळ तिथं थांबणार आहे, हे ओसरीवर कुणालाच सांगता येत नव्हतं.