भुवईतलं पीठ

त्याच्या डाव्या भुवईत पीठ होतं. उजवीत नव्हतं. साबुकंदाचं पीठ गव्हाच्या पिठासारखं झटकून जात नाही; फार बारीक असतं ते, घामाला धरून बसतं. बस वळणावर हेलकावली, तो माझ्या खांद्यावर आदळला, ‘माफ करा’ म्हणाला, तरी ते आपलं जागच्या जागी.

"काय बघताय?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"माझ्या कपाळावर काही लिहिलंय का?"

"कपाळावर नाही… जरा खाली."

त्याने नाक पुसलं. मग हनुवटी. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने ते पुसून टाकलं असतं, आणि मला ते नको होतं. का नको, याचा विचार मी केला नाही.

त्याचं नाव वांदेर. बिकिन्या वस्तीतल्या बेकरीत तो पहाटेपासून साबुकंदाच्या पिठाचे चीजचे पाव भाजायचा, आणि वस्तीने त्याला प्रतिनिधी म्हणून निवडलं होतं. मी जुरेमा. पेनेइरा टेकडीवरच्या शिकणाऱ्या मुलामुलींनी मला निवडलेलं. बेलो होरिझोन्ते शहराच्या आरोग्याच्या पैशांतून आमच्या भागाला यंदा एकच मोठं काम मिळणार होतं. कोणतं, ते आम्हीच रविवारी हात वर करून ठरवणार होतो. पण त्याआधी ही बस. सगळ्यांनी सगळ्यांच्या वस्त्या डोळ्यांनी बघायच्या आणि मगच मत द्यायचं, असा आमच्याकडचा नेम.

टेकडीला दवाखाना हवा होता. मिळेल असं मला वाटत नव्हतं. टेकडीला आजवर काय मिळालं होतं? साओ पावलोच्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती आणि सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. झुल्मामावशी रोज विचारायची, "ठरलं का गं?" मी रोज म्हणायचे, "बघू."

बस आधी बिकिन्याला थांबली. घरांच्या मागून उघडं गटार वाहत होतं. वांदेरने भाषण केलं नाही. त्याने टोपलीवरचं फडकं काढलं आणि त्या गटाराच्या काठावर आम्हाला गरम पाव वाटले. कुणाला घास उतरेना.

"आमची पोरं रोज इथेच खातात," तो म्हणाला. "आणि रोज आजारी पडतात."

बस्, एवढंच. टोपलीवर पुन्हा फडकं घालताना त्याने त्याच्या कडा नीट दाबल्या. मी बघत राहिले.

मग आमची टेकडी. बस पायथ्याशीच थांबली, आणि पायऱ्यांच्या शेवटच्या वळणावर मला अकॉर्डियन ऐकू आलं.

पायऱ्यांना चुना मारला होता. दारांवर कागदी फुलं. सगळे चर्चला जायच्या कपड्यांत, आणि मावशी मक्याच्या केकचं ताट घेऊन पुढे. पाहुणे येणार म्हणून टेकडी नटली होती. इतकी नटली होती की तिथे काही दुखतंय असं कुणाला वाटलंच नसतं.

"वा, दोना झुल्मा!" शेजारच्या वस्तीचे प्रतिनिधी सेउ ओस्मार दोन्ही हातांत केक घेऊन म्हणाले. चांगले गोलमटोल गृहस्थ; आमच्याकडे मान देताना पुरुषाला सेउ, बाईला दोना म्हणतात. "दवाखाना कशाला हवा तुम्हाला? इथली हवाच औषध आहे!"

मावशी फुलली. मी तिला कोपऱ्यात ओढलं. "मावशी, खुर्ची कुठंय?"

"लपवलीय स्वयंपाकघरात. पाहुण्यांसमोर ती दळभद्री खुर्ची मांडू?"

"अगं, तीच तर दाखवायची होती!"

"हळू बोल. अब्रू काढतेस का टेकडीची?"

चारचौघांत मावशीला खाली बघायला लावणं मला जमणार नव्हतं. वांदेर जवळच उभा होता. त्याने ऐकलं असावं.

"दोना झुल्मा, केक झकास," तो म्हणाला. "पण पहाटेपासून उभा आहे हो. बसायला काही मिळेल?"

पाहुण्याला बसायला नाही म्हणायचं, हे मावशीच्या सात जन्मांत होणार नव्हतं. ती खुर्ची शोधायला इकडेतिकडे बघू लागली. घरातल्या सगळ्या खुर्च्या बाहेर मांडलेल्या, सगळ्यांवर पाहुणे.

"आत असेल, मीच आणतो," म्हणत तो स्वयंपाकघरात शिरला आणि खुर्ची घेऊन बाहेर आला. दोन्ही बाजूंना बांबू बांधलेले, बांबूंची टोकं हातांनी घासून गुळगुळीत झालेली.

अकॉर्डियन थांबलं.

"हे काय?" सेउ ओस्मारनी विचारलं.

मग मीच म्हणाले, "आमची रुग्णवाहिका. गाडी वर येत नाही. आजारी माणूस, अडलेली बाई… सगळ्यांना यातूनच खाली नेतो आम्ही."

"माझा नवरा यातच गेला," मावशी एकदम म्हणाली. "अर्ध्या वाटेवर."

मग वांदेरने खुर्ची अगदी अदबीने पुढे केली. "सेउ ओस्मार, बसा."

चौघांनी उचललं. पहिल्याच वळणावर खुर्ची तिरकी झाली आणि सेउ ओस्मार ओरडले, "अरे उतरवा! उतरवा मला! मी चालतो!"

"पोटुशी बाई चालेल का, भाऊ?" मावशीने वरून विचारलं.

परतीच्या बसमध्ये मी आपणहून त्याच्या शेजारी बसले. पीठ अजून होतं.

"असं का केलंत? तुमची मतं गेली ना."

"बघायलाच निघालो होतो ना आपण?" त्याने खांदे उडवले. "मग धड बघायला नको?"

"आणि गटार?"

"पुढच्या फेरीला. तेव्हा तू हात वर कर आमच्यासाठी."

तू. जाताना ‘काय बघताय’ होतं.

"मी… इथे असेनच असं नाही. साओ पावलोला नोकरी लागलीय."

तो बाहेर बघू लागला. "चांगली आहे?"

"चांगली आहे."

"मग… चांगलंच झालं." त्याने पिशवीतून शेवटचा पाव काढून माझ्या हातात ठेवला. "घे. आता गटाराशिवाय खाऊन बघ."

गार झाला होता, तरी मऊ होता. मी त्याच्याकडे न बघता सगळा खाल्ला.

रविवारी शाळेच्या सभागृहात पहिला हात सेउ ओस्मारचा वर गेला. दुसरा वांदेरचा. मग इतके गेले की मला समोरची भिंत दिसेना. दवाखाना टेकडीला मिळाला. मावशी शेजारणीच्या शालीत तोंड खुपसून रडली.

सभा चालवणाऱ्या बाईंनी टाळ्या थांबवल्या. "आता देखरेखीचं बघू. इमारत उभी राहीपर्यंत कंत्राटदाराच्या आणि कचेरीच्या मागे कोण लागणार? वर्ष दोन वर्षं सुटका नाही हं. नावं द्या."

"वांदेर," तो स्वतःच म्हणाला.

"अहो, तुम्ही बिकिन्याचे!"

"सिमेंटला कुठे कळतंय ते? शिवाय मला ती टेकडी पुन्हा चढायचीय."

सभागृह हसलं. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं तो माझ्याकडे बघेल. त्याने बघितलं नाही. मला अडवायचं नाही, असं त्याने ठरवलं असावं. त्या न बघण्यानेच माझं सगळं अवघड करून ठेवलं.

"आणि टेकडीवरून कोण?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही विचारलं नाही.

मी उठले. रांग ओलांडून त्याच्यापाशी गेले. आजही तसंच, डाव्याच भुवईत.

"आता तरी सांग," तो कुजबुजला, "काय आहे माझ्या तोंडावर?"

मी अंगठ्याने ते पीठ पुसलं. सहजासहजी निघालं नाही. मागून कुणीतरी शीळ घातली. मग मी बाईंकडे वळले. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा स्थिर निघाला.

"टेकडीवरून जुरेमा, लिहा. मी साओ पावलोला जात नाहीये."