चार हजार दोनशेवरचा पाय

लातूरच्या एमआयडीसीतल्या जिलानीचाचांच्या शेडमध्ये त्या सकाळी होतं ते एवढंच : लोखंडी चौकटीवर बोल्टांनी आवळलेलं इंजिन एक, त्याचे सिलिंडर आठ, पेट्रोलचे कॅन दोन, काचेच्या खोलीत बाकडं एक, आणि माणसं तीन. शिवकन्येला मोजायची खोडच होती. नायगावची पोर, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, नांदेडच्या एका प्रयोगशाळेत वजनकाटे तपासून द्यायची नोकरी करणारी. दिसेल ते आधी मोजायचं, मग त्यावर बोलायचं. तरी माणसं मोजताना आपली घाई झाली, असं तिला पुढं वाटत राहिलं.

खरं तर ती आली होती चाचांचा डायनो तपासायला. डायनो म्हणजे इंजिनाला पाण्याचा ब्रेक लावून त्याची ताकद मोजायचं यंत्र. चाचा त्यावर ट्रॅक्टरची नि पंपाची इंजिनं मोजत. तिचं काम उरकलं तेव्हा कळलं, की डायनो चालवणारा माणूस हिमायतनगरला लग्नाला गेलाय आणि आज आलेलं इंजिन थांबणारं नाही. चाचांनी तिलाच गळ घातली. आठ सिलिंडरचं अमेरिकन इंजिन तिनं फक्त पुस्तकात पाहिलं होतं... ती कशाला नाही म्हणते.

इंजिनाशेजारी एक उंच, सावळा तरुण उभा होता. देवणीचा विरूपाक्ष. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याचा तळवा इंजिनावरून फिरत होता.

"हात काढा," ती म्हणाली. "ते बैल न्हाई."

"बैलच हाय, मॅडम. फक्त शेण टाकत न्हाई."

"धूर टाकतंय की."

"बैल तरी कुठं सगळेच गुणाचे असतात..." असं म्हणून तो हसला. तिनं घाईघाईनं तारा जोडायला घेतल्या, आणि एकच तार दोनदा जोडली.

काम करता करता त्यानं हकिकत सांगितली. धरणाच्या कामावर आलेला कुणी परदेशी इंजिनिअर फार वर्षांपूर्वी जाताना या इंजिनाची गाडी हैदराबादेत टाकून गेला. विरूपाक्षच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, आणि त्यांचे दोस्त अमृतराव यांनी ती भागीत घेतली. अप्पा ती बिदरकडच्या एका ओसाड धावपट्टीवर शर्यतीला पळवायचे. अप्पा गेले, आणि गाडी उभी राहिली. आता अमृतरावांनी एका हॉटेलवाल्याला शब्द दिला होता : गाडी हॉटेलच्या दिवाणखान्यात, चाकं फरशीला जखडून, शोभेला. विरूपाक्षनं हातापाया पडून एक अट मिळवली होती. इंजिनानं तीनशे ऐंशी अश्वशक्ती दिली तर गाडी त्याची, तो पळवेल. आज संध्याकाळपर्यंत नाही दिली, तर उद्या ट्रक येणार.

"अप्पांची गाडी मुरगळून ठेवलेल्या कोंबडीसारखी बघायची न्हाई मला," तो म्हणाला.

बाहेर अवकाळी भुरभुर लागली होती. पत्रा बारीक वाजत होता. तिघं काचेच्या खोलीत आली. शिवकन्येनं ॲक्सिलरेटरची लिव्हर हळूहळू पूर्ण पुढं नेली, तशी जमीन थरारली. तीन हजार, साडेतीन, चार... आणि चार हजार दोनशे फेऱ्यांवर इंजिनानं श्वास घेतल्यासारखं केलं. आवाज जरा उतरला, क्षणभर रेंगाळला, परत चढला. पण तोवर लय गेली होती. तीनशे एकतीस.

पडद्यावरच्या आलेखात एक खड्डा पडला होता. लिव्हर पूर्ण पुढं असताना कार्ब्युरेटरमधली झडप, गाडीत पायानं दाबून उघडतात ती, शंभर टक्क्यांवरून एकाहत्तरवर आली होती. एक पूर्णांक दोन दशांश सेकंद. मग आपोआप पुन्हा शंभर.

"केबल ढिली असणार," चाचा म्हणाले. केबल बदलली. खड्डा तिथंच, तेवढाच. मग स्प्रिंग बदलली. ठिणगीची वेळ दोन अंशांनी पुढं घेतली, पेट्रोल सोडणारे जेट मोठे घातले. ताकद सगळीकडे वाढली, फक्त तो खड्डा हलला नाही. मोजमापात नेहमी थोडी चूक असते, हे तिला शिकवलेलं होतं. दरवेळी तंतोतंत तोच आकडा येतो तेव्हा शास्त्रज्ञाला आनंद व्हायला हवा. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले.

शेवटी तिनं झडप पूर्ण उघडून तारेनं चौकटीला बांधली. तिहेरी पीळ देऊन, पक्कडीनं आवळून. ताकद आता पाण्याच्या ब्रेकनंच आवरायची. चार हजार दोनशेवर झडप एकाहत्तरवर आली. इंजिन बंद करून तिघं बघायला गेली. तार तुटली नव्हती. पीळ एकेक करून उलगडलेला होता आणि तार बाजूला, नीट सरळ करून ठेवलेली होती.

चाचांनी टोपी काढून परत घातली. "चाय पिऊन येतो मी," ते म्हणाले. "तुम्ही लोक पढेलिखे, तुमचं तुम्ही बघा."

शिवकन्या मात्र बघतच होती. तिच्या डोक्यात एक जुनी शिस्त होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलून झाली, स्प्रिंग बदलून झाली. न बदललेलं काय उरलं? तिनं विरूपाक्षकडे पाहिलं.

"तुम्ही जरा टपरीवर जा," ती म्हणाली. "चाचांना पाठवा इकडं."

"माझा कंटाळा आला का?"

"तेच तपासायचंय."

तो गेला. चाचा कुरकुरत परतले. तिनं लिव्हर पुढं नेली. चार हजार दोनशे आले, गेले. आलेखाची रेषा डोंगराच्या कडेसारखी चढत राहिली. तीनशे एक्क्याण्णव. चाचांनी टाळी वाजवली. आता कागदावर सही कर पोरी, म्हणाले, पोराचं काम झालं.

तिनं सही केली नाही. विरूपाक्ष भिजलेल्या खांद्यांनी आत आला तेव्हा तिनं त्याला दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले.

"ही ताकद तुम्ही शेडमध्ये नसतानाची. गाडीत तर तुम्हीच बसणार," ती म्हणाली. "मागं कुणी चिकटून पळत असलं आणि हिनं मधेच असं केलं... तर? अशा कागदावर मी सही करणार न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. तिला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेता येईना. आकडा म्हणजे आकडा. मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, चार हजार दोनशेवर काय होतं? इंजिनाचं नाही. तुमचं.

तो पावसाकडे वळला. मग सांगू लागला. लहानपणी अप्पा त्याला शेजारी बसवून धावपट्टीवर न्यायचे. एका ठरावीक आवाजाला गाडीचं सगळं अंग थरथरायला लागायचं, आणि हा भिऊन अप्पांचा गुडघा पकडायचा. अप्पा काही रागवायचे नाहीत. पाय जरासा उचलायचे, कानडीत म्हणायचे, 'हेदरब्याड.' भिऊ नको. पोराची पकड सैल झाली की पाय परत खाली. दरवेळी.

"आणि आता?" तिनं विचारलं.

"आता मी मोठा झालो की."

"मी ते विचारलं न्हाई."

तो कसनुसा हसला. "हाव. भ्या वाटतं. तो आवाज आला की आजही हात आपसूक बाजूला जातो. पकडायला गुडघा न्हाई, एवढाच फरक."

पेट्रोलचा वास, गरम लोखंडाची टकटक... शिवकन्येनं मनात सगळी कारणं पुन्हा एकदा तपासून पाहिली. तिला पटेल असं एकही नव्हतं, आणि जे उरलं होतं त्याची तिला भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी तिला कधी न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल माया दाटून आली.

"मग अप्पांचा काय दोष," ती हळू म्हणाली. "तुम्ही भिता, ते पाय उचलतात. तुम्ही न भिता बसा. ते कशाला उचलतील?" तिनं डावा हात बाकड्यावर उताणा ठेवला. "गुडघा न्हाई. हा चालंल का बघा."

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हात धरला. तळव्याला ग्रीसचा खरखरीतपणा होता, आणि ऊब.

"शिवकन्या," तो म्हणाला. मॅडम नाही. "हे पास झालं तरी आणि न्हाई झालं तरी... मी नांदेडला येणार हाय."

"कशाला?"

"घरचा वजनकाटा तपासायला."

"तो वर्षातून एकदाच तपासतात."

"मी दर आठवड्याला बिघडवून आणीन."

तिनं ओठ मिटून हसू दाबलं. "आणा," ती म्हणाली. "मी दरवेळी दुरुस्त करीन... पण सावकाश."

"अरे, हात एकमेकांचे धरा नाहीतर लिव्हरचा," दारातून चाचा म्हणाले, "काहीतरी एक ठरवा. उजेड जाऊन राहिलाय."

तिनं मोकळ्या हातानं लिव्हर पुढं नेली. तीन हजार. साडेतीन. चार. तिच्या हातातला हात ताठरला. तिनं त्याच्याकडे न बघता अंगठा त्याच्या बोटांवरून एकदा फिरवला. चार हजार दोनशे. काच गुणगुणू लागली. त्यानं डोळे मिटले, आणि ओठांतल्या ओठांत कुणाशी तरी बोलावं तसं म्हणाला, "अप्पा, दाबा."

आवाज चढतच गेला. साडेचार, पावणेपाच. तिला हसायला आलं आणि रडायलाही. मग पाच हजारांवर सबंध खोली थरारली, बाकडं जागचं सरकलं, समोरच्या काचेत एक चर्रकन आवाज झाला आणि शिवकन्येनं, जी कशाला भीत नसे, विरूपाक्षचा हात दोन्ही हातांनी आवळून धरला. लिव्हर सुटली, पण होती तिथंच, पूर्ण पुढं राहिली.

इंजिन साडेपाच हजारांपर्यंत गेलं. मग चाचांनी ते बंद केलं. पत्र्यावरचा पाऊस पुन्हा ऐकू येऊ लागला. तिचा हात अजून त्याच्या हातात होता. दोघं पडद्यापुढं वाकली, आणि तिनं निकाल मोठ्यानं वाचला.

सर्वाधिक ताकद, पाच हजार चारशे फेऱ्यांवर, तीनशे ब्याण्णव अश्वशक्ती. चार हजार दोनशेवर झडप शंभर टक्के. पाच हजारांवर झडप एकाहत्तर टक्के, एक पूर्णांक दोन दशांश सेकंद.