दोन टन निःशंकीन

प्रयोगशाळेच्या दारावर ‘मुखपट्टी लावूनच आत यावे’ अशी पाटी होती. निरीक्षक विश्राम सावळे मुखपट्टी न लावताच आत शिरले. पाट्या दुसऱ्यांसाठी असतात, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

कालपासून त्यांच्या मनात कशाबद्दलच शंका नव्हती. नांदवली बंदरातल्या गोदामावर काल त्यांनी छापा घातला आणि रांगोळीच्या पोत्यांतून आलेला दोन टन माल धरला. एवढा मोठा माल त्या किनाऱ्यावर याआधी कुणी पकडला नव्हता. गडबडीत वरच्या थरातलं एक पोतं फुटलं आणि सावळे टोपीपासून बुटांपर्यंत पांढरेफटक झाले. त्याच अवतारात त्यांनी गोदामाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या एका माणसाकडे बोट केलं आणि म्हणाले, “मालक हाच.”

माणसाचं नाव शशांक दुभाषे. सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेसाठी चार किलो रांगोळी फुकट मिळते का, ते विचारायला आलो होतो, असं तो सांगत होता.

“हे गोदाम तुझं?” सावळ्यांनी विचारलं.

“नाही. म्हणजे, मला तरी नाही वाटत.”

“बघा,” सावळे हवालदाराला म्हणाले, “खरं बोलणारा माणूस असा चाचरतो का?”

आता प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ डॉ. फिरोज काझी दोन मुखपट्ट्या एकावर एक लावून बसले होते.

“निःशंकीन आहे,” काझी म्हणाले. “आपल्या मेंदूत एक शंकाकेंद्र असतं. गॅस बंद केला का, कडी लावली का, हे सारखं टोचत असतं ना, ते त्याचं काम. ही भुकटी नाकात गेली, की ते आठवडाभर गाढ झोपतं.”

“मग डोकं चालत नाही?”

“उलट सुसाट चालतं. फक्त ब्रेक नसतो. आणि एक समजून घ्या साहेब, ही भुकटी खरं काय ते सांगत नाही. तुमचं मन ज्या बाजूला एक्कावन्न टक्के झुकलेलं असेल, त्या बाजूला ते शंभर टक्के जाऊन पडतं.”

“असलं विकत कोण घेतं?”

“परीक्षेला बसणारे, निवडणुकीला उभे राहणारे, बोहल्यावर चढणारे. एक नवरदेव एक्कावन्न टक्के ‘नको’वर होता. तो अंतरपाटाखालून पळाला.”

काझींनी एक शंकामापक टोप सावळ्यांच्या डोक्यावर चढवला. शुद्धीवरच्या माणसाचा काटा तीस-चाळीसच्या मधे थरथरत असतो. सावळ्यांचा शून्यावर जाऊन बसला.

“यंत्र बिघडलंय,” सावळे म्हणाले.

“साहेब, काल गोदामात होते ते सगळे शून्यावर आहेत. तुमच्या साक्षी टिकायच्या नाहीत. तो दुभाषे नक्की मालक आहे ना?”

“शंभर टक्के.”

“मला तीच भीती वाटतेय,” काझी म्हणाले.

खटला सत्वर न्यायालयात होता. तिथे आठवड्याच्या आत निकाल लागे. गुन्हा शाबीत झाला तर आरोपीला वीस वर्षं, नाहीतर माल जिथून आणला तिथे परत. सुनावणीला न्यायाधीश मंदाकिनी नाडकर्णी बसल्या. दुभाषे काचेच्या बंद पेटीत होता. सावळे मागच्या बाकावर, दाराजवळ.

दुभाषेला सरकारने दिलेले वकील मुकुंद सबनीस काझींची उलटतपासणी घ्यायला उठले.

“डॉक्टर, हे निःशंकीनच आहे, याची तुम्हाला खात्री आहे?”

“आहे.”

“म्हणजे तुम्हीही हुंगलंय. साक्ष बाद.”

“तसं म्हणाल तर विज्ञानात थोडी शंका राहतेच.”

“मग शंकेचा फायदा आरोपीला. बसा.”

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. युक्तिवादात कुठेच फट सापडत नव्हती. सबनीसांनी तिथे थांबायला हवं होतं. पण जिंकलेला वकील आणि भरलेला फुगा, दोघांनाही आणखी थोडी हवा हवी असते.

“मॅडम, ही साधी रांगोळी आहे. दाखवतोच,” म्हणत त्यांनी नमुन्याची पिशवी फोडली, चिमूट घेतली आणि टेबलावर झकास स्वस्तिक काढलं. वर पंखा चार नंबरवर होता. अर्धं स्वस्तिक सबनीसांच्या नाकात गेलं, उरलेलं व्यासपीठाकडे उडालं.

“सांगायचा मुद्दा, माझा अशील निर्दोष...” सबनीस थबकले. मग मोकळं हसले. “छे. दोषी आहे हो. पहिल्या भेटीपासून मला वाटतच होतं.”

काझींनी धावत जाऊन त्यांना टोप घातला. काटा शून्यावर.

“भुकटीचं सिद्ध झालं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या चष्म्यावर पांढरी साय आली होती. “आणि आरोपीचंही. मलाही चेहरा पाहिल्यापासून वाटतच होतं.”

“मॅडम, भुकटी खरी ठरली. आरोपी मालक ठरला नाही,” काझी मुखपट्टीआडून म्हणाले. “वकिलाला अशिलाबद्दल आतून जे वाटतं, तो पुरावा नव्हे.”

“तुमची साक्ष बाद झालीय, डॉक्टर.”

मागच्या बाकावर सावळ्यांच्या डोक्यात काहीतरी टोचलं. आठवडा भरत आला होता. त्यांना एकदम आठवलं, की गोदामाच्या दारात त्या माणसाच्या हातात रिकामा स्टीलचा डबा होता. दोन टनांचा धनी स्वतःच्याच गोदामात चार किलोचा डबा घेऊन कशाला येईल?

काचेच्या पेटीत दुभाषे पुटपुटत होता. “एवढी शिकलेली माणसं इतकं ठामपणे म्हणतायत... माझंच काही चुकलं असेल का?”

सावळे उठले. “मॅडम, मला जरा बोलायचंय.”

“या पुढे.”

ते बाकांच्या मधून निघाले. सांगून टाकू, माझी चूक झाली. वीस वर्षांचा प्रश्न आहे एका माणसाच्या. पुढच्या रांगेत अधीक्षक साहेब पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी दोन कॅमेरे. सांगू, पण मग हा गुच्छ? सांगायलाच हवं. पण बढतीचा कागद सहीला गेलाय म्हणे. सांगू. नको. सांगू. साहेबांनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली, अगदी जराशी.

त्याच क्षणी सावळे पंख्याखाली पोचले आणि त्यांनी बोलण्यासाठी खोल श्वास घेतला.

“बोला, सावळे,” बाई म्हणाल्या.

“विशेष काही नाही, मॅडम,” सावळे म्हणाले. त्यांना किती हलकं वाटत होतं. “डबासुद्धा मुद्देमालात घ्या, एवढंच सांगायचं होतं. त्यातूनच तो माल विकायचा.”